चौकडीचा शर्ट

मिचकीला मिचकी म्हणायला सुरुवात केली बाबांनी, आणि त्याला कारण फोटो. बाबांचा स्टुडिओ घराखालच्याच खोलीत. पोरगी धड बसायला लागली तशी त्यांनी तिला स्टुलावर बसवून फोटो काढायचा सपाटा लावला, आणि एकजात सगळ्या फोटोंत हिचे डोळे मिटलेले. फ्लॅश उडाला की हिने डोळे मिचकावलेच म्हणून समजा. अख्ख्या गावाचे डोळे उघडे ठेवून घेणारा माणूस, आणि त्याच्याच घरची लेक फोटोत झोपलेली! "अगं मिचके, एक तरी धड येऊ दे की," ते वैतागून म्हणायचे, आणि तेच नाव चिकटलं. पुढे ती स्वतः कॅमेऱ्यामागे उभी राहिली, फोटोग्राफी शिकायला कॉलेजात गेली, तरी नाव काही सुटलं नाही.

बाबांचं तोंड कामात अखंड चालू असायचं. हनुवटी जरा खाली, खांदे सैल, तोंड असं नका करू, तुम्हाला कोणी फाशी देत नाहीये. आणि सगळ्यात शेवटी, "चष्मा उतरवा साहेब, काचेत अख्खी खोली येते." एकदा एक हेडमास्तर हटून बसले, चष्मा काढला तर बायको ओळखणार नाही म्हणाले. बाबांनी मुकाट्याने फोटो काढला. मास्तरांच्या दोन्ही काचांत बाबांचं पोट, अगदी शर्टाच्या बटणासकट. ती कॉपी बाबांनी दाराशी लावून ठेवली होती. चष्म्यावरून कोणी हुज्जत घातली की ते नुसतं तिकडे बोट दाखवायचे.

अशा माणसाचा दुखण्याने नेमका घसाच धरावा, याला काय म्हणायचं?

झालं असं, की कॉलेजने चित्रकलेची आणि फोटोग्राफीची निवडक मुलं उन्हाळ्यापुरती परदेशी शिकायला पाठवायची ठरवली. त्यात मिचकीचा नंबर लागला, आणि त्याच सुमाराला बाबांच्या घशातून गाठ काढली. ऑपरेशन नीट झालं, दादा म्हणाला. काळजीचं काही नाही, आई म्हणाली. फक्त डॉक्टरांनी बोलायची बंदी केली होती, आणि बाबा गळ्यात पाटी अडकवून घरभर हिंडत होते. दोन वाक्यं लिहायची, बाहीने पुसायची, परत लिहायची. शर्टाच्या सगळ्या बाह्या पांढऱ्या.

"मी नाही जाणार," मिचकीने जाहीर केलं.

बाबांनी पाटीवर लिहिलं, 'मग मी औषध नाही घेणार.'

"लहान आहात का?"

'तू आहेस का?'

असं बराच वेळ चाललं. आईने मध्ये पडायचा प्रयत्न केला, तर दोघांनीही तिला गप्प बसवलं, एकाने लिहून आणि एकीने बोलून. शेवटी मिचकीनेच तोड काढली. रोज एक फोटो. त्या त्या दिवशीचा, बाबांचा, दादाच्या फोनवरून. ज्या दिवशी फोटो येणार नाही त्या दिवशी ती बॅग भरणार आणि मिळेल त्या विमानाने घरी. मग कोणाचं काही ऐकणार नाही.

"त्यापेक्षा व्हिडिओ कॉलच करत जाऊ," दादा म्हणाला.

बाबांनी पाटी पुसली आणि ठळक अक्षरांत लिहिलं, 'हलणारी माणसं मला आवडत नाहीत.' सगळे हसले. बाबांचं म्हणजे हे असंच! त्याच पाटीच्या खालच्या कोपऱ्यात त्यांनी 'मंजूर' लिहिलं आणि सहीदेखील ठोकली. दादा तेवढा हसता हसता उठून आत गेला. त्या वेळी त्याच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

परदेशात तिला जी खोली मिळाली तिची खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची. खोलीत दोन खाटा, एक टेबल, आणि दुसऱ्या खाटेवर जिराफ. जिराफ म्हणजे तिच्याच कॉलेजातली, चित्रकलेची, वाजवीपेक्षा बरीच उंच. खाटेबाहेर तिचे पाय घोट्यापर्यंत यायचे आणि त्या पायांनाही रंग लागलेला असायचा. दोघी सकाळी सामायिक बेसिनपाशी दात घासत उभ्या असायच्या, तेव्हा मिचकीचा फोन वाजायचा. फोटो आलेला असायचा.

बाबा खिडकीपाशी, निळा शर्ट. बाबा अंगणात खुर्ची टाकून, पांढरा शर्ट. बाबा दिव्याखाली, मातकट रंगाचा, कॉलर जरा वर. चष्मा नाकावर, तोंडावर तेच ते खट्याळ हसू. मिचकी तोंडातल्या फेसासकट हसायची आणि उत्तर लिहायची. कॉलर नीट करा. औषध घेतलं का? आईला त्रास देऊ नका. मागून बाबांचं उत्तर यायचं, एखाद्याच ओळीचं पण झणझणीत. एकदा तिने एका पुलाचा फोटो पाठवला, फार मेहनतीने काढलेला. बाबांनी लिहिलं, 'पूल चांगला आहे. फोटोत तू कुठे आहेस?' यावर ती दिवसभर विचार करत बसली होती.

मग एकदा चौकडीचा शर्ट आला. तो दादाचा होता, तिने लगेच ओळखला. 'दादाचा शर्ट ढापलात काय?' तिने लिहिलं. 'आज अगदी टवटवीत दिसताय!' उत्तर यायला त्या दिवशी उशीर लागला. दुपारी आलं, 'त्याला आखूड होतो.' हे तिने जिराफला वाचून दाखवलं आणि दोघी मेसच्या टेबलावर खो-खो हसल्या. त्यानंतर बाबांची उत्तरं जरा कमी झाली, झणझणीतपणाही गेला. आईशी फोनवर बोलावं तर तिचा आवाज बसलेला. सर्दी झालीय म्हणाली. मिचकीला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं, नाही असं नाही. पण रोज सकाळी फोटो येत होता. ठरल्याप्रमाणे. मग कशाला उगाच मनात आणा?

त्यांना शिकवणाऱ्या बाई वयस्क, बारीक, आणि स्तुतीच्या बाबतीत महाकंजूष. प्रत्येक फोटोपुढे त्या पाठीमागे हात बांधून उभ्या राहायच्या आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "आधी डोळे बघा." माणसाच्या डोळ्यात प्रकाशाचा जो ठिपका असतो तो सगळं सांगतो, त्या म्हणायच्या. खिडकी कुठे होती, दिवा कुठे होता, फोटो काढणारा किती लांब उभा होता. चेहरा खोटं बोलेल, ठिपका नाही बोलायचा. मिचकीला हे ऐकताना बाबांची आठवण यायची. बाई आणि बाबा एकमेकांना भेटले असते तर दोघांनी भांडून एकमेकांचा जीव घेतला असता, असं ती जिराफला म्हणाली होती.

उन्हाळा संपताना प्रत्येकाने एक भिंत सजवायची होती. विषय बाईंनी दिला, एकच माणूस, अनेक दिवस. कोणी पावभट्टीवाला धरला, कोणी जिन्यात बसणारी म्हातारी. मिचकीने भीतभीत विचारलं, मी न काढलेले फोटो चालतील का? माझे वडील आहेत. रोज एक येतो. बाईंनी तिच्या फोनवर बोट फिरवत फोटो पाहिले, खिडकीचा उजेड, अंगणातला उजेड, दिव्याचा उजेड. "यांना फोटोसाठी ज्याने बसवलंय त्याला प्रकाश कळतो," त्या म्हणाल्या. "मोठे छापून आण. भिंतीवर लावलेस की बोलू."

बाईंच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे काय ते वर्गातल्या कोणालाही विचारा. मिचकीचे पाय जमिनीवर ठरेनात. 'बाबा, तुम्ही प्रदर्शनात लागणार!' तिने घरी कळवलं. 'छान,' एवढंच उत्तर आलं. तिला जरा रागच आला. छान काय, छान?

छपाईच्या खोलीत मोठं यंत्र घरघरत एकेक फोटो बाहेर सोडत होतं. टेबलाएवढे बाबा. मिचकीने ते आले त्या क्रमाने मांडले आणि भिंग घेऊन तपासायला बसली, कुठे डाग नाही ना, रेषा नाही ना. सवयीने तिने भिंग आधी डोळ्यांवर नेलं. निळ्या शर्टाचा फोटो होता, अगदी सुरुवातीच्या दिवसांतला.

डोळा नीट दिसेना, कारण चष्म्याच्या काचेत खोली आली होती. अख्खी खोली. तिला हसूच फुटलं. जन्मभर लोकांचे चष्मे उतरवले आणि स्वतःचा ठेवला नाकावर! काचेत खिडकीचा पांढरा चौकोन होता. हातात फोन धरून उभा दादा होता. आणि दादाच्या मागे, कपाटापासून खिडकीच्या गजापर्यंत, एक दोरी बांधलेली होती. दोरीवर हँगरला शर्ट टांगले होते.

कपडे वाळत घातलेत, तिने स्वतःला सांगितलं. पण स्टुडिओत कपडे? बाबा तिथे ओला रुमालदेखील ठेवू द्यायचे नाहीत.

तिने भिंग जवळ नेलं. दोरीवर सगळ्यात पुढे पांढरा शर्ट. मग मातकट. त्यांच्यामागे पट्ट्यांचा, आणि आणखी मागे दादाचा चौकडीचा. ज्या क्रमाने ते तिला पुढे रोज एकेक करून येत गेले, त्याच क्रमाने.

तिने दुसरा फोटो ओढला. अंगणातला होता, काचेत नुसतं आभाळ. तिसरा, दिव्याखालचा. दोरी होती. निळा नव्हता, पांढरा नव्हता, ते दोन्ही स्टुलावर बोळा करून टाकलेले दिसत होते. बाकीचे आपली पाळी येण्याची वाट बघत टांगलेले. चौथा. पाचवा. दोरी रिकामी होत चालली होती आणि स्टुलावरचा ढीग वाढत होता. मिचकी भिंग धरून एकेक फोटो परत परत पाहत राहिली.

जिराफ रंगाळलेल्या हातांनी आत आली. "लावायला मदत करू? अगं, काय झालं?"

"एकाच दिवशी काढलेत."

"कुठले?"

"सगळे." मिचकीने भिंग तिच्या हातात दिलं. "सगळे एकाच दिवशी बसून काढलेत, शर्ट बदलून बदलून. माझ्यासाठी."

जिराफने वाकून पाहिलं. एरवी तिची टकळी बंद करायला दोन माणसं लागायची.

मिचकीने तिथूनच फोन लावला. दादाने उचलला. "हां, बोल. आजचा मिळाला ना?"

"दादा, बाबांनी चष्मा का नाही उतरवला?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"काचेत दोरी दिसतेय. शर्ट दिसतायत. सगळं दिसतंय, दादा."

"डोळे फार खोल गेले होते गं," दादा हळूच म्हणाला. "चष्म्याआड लपतील म्हणून ठेवला. मी म्हटलं होतं त्यांना, की..."

"त्यांना फोन दे."

"मिचके..."

"बोलू नकोत ते. नुसतं खोकू देत. फोनवर बोटाने टकटक करू देत. मला कळेल. दे फोन."

दादा रडायला लागला. एवढा मोठा घोडा, लग्नाला आलेला, आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडायला लागला. मागून आईचा आवाज आला, "सांगून टाक रे तिला आता."

मिचकीने टेबलाची कड घट्ट धरली. समोर सगळे बाबा ओळीने मांडलेले, हसत होते. "कुठल्या शर्टापासून?" तिने विचारलं.

"काय?"

"बाबा नाहीत, ते कुठल्या शर्टापासून?"

दादाने नाक ओढलं. "चौकडीच्या आदल्या दिवशी."

तिने चौकडीचा फोटो शोधला. आज अगदी टवटवीत दिसताय, असं तिने लिहिलं होतं. "मग 'त्याला आखूड होतो' कोणी लिहिलं?"

"मी लिहिलं. सकाळपासून काही सुचत नव्हतं. घरात माणसं बसलेली होती. तू थट्टा केली होतीस, उत्तर तर द्यायला हवं होतं."

मग मिचकीच्या अंगाचा असा काही भडका उडाला की छपाईच्या खोलीबाहेरची पोरं थबकून आत बघायला लागली. "तुम्ही कोण ठरवणारे?" ती ओरडली. "माझे बाबा नव्हते का ते? मी इथे पूल काढत बसले, हसत बसले, जेवत होते मी! तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"तू जायच्या आधी रिपोर्ट आला होता. त्यांनी शपथ घातली. तू गेलीस तसं दुसऱ्याच दिवशी मला दोरी बांधायला लावली. म्हणाले, म्हणजे पाटीवर लिहिलं, आज अंगात ताकद आहे, आजच सगळे काढून घेऊ. पोरगी येईपर्यंत पुरले पाहिजेत. अंगणात नेलं त्यांना, परत आत आणलं, पडदे ओढले, दिवा लावला. उजेड सारखा दिसता कामा नये, तिला कळेल, असं लिहून दाखवायचे. माझे शर्ट घेतले, शेजारच्या काकांचे आणले..."

"पुरे," मिचकी म्हणाली.

फोन आईने घेतला. तिचा तोच बसलेला आवाज. सर्दीचा. "माझ्यावर चिड हवं तर," आई म्हणाली. "ते गेल्यावर दादा म्हणत होता, आता कळवू. मीच नको म्हटलं. का, ते ऐकून घे. इथे सगळे येऊन ते गेले, ते गेले, असंच बोलत होते. आणि सकाळी तुझं लिहिलेलं यायचं. औषध घेतलं का, कॉलर नीट करा. तेवढ्या एकाच ठिकाणी ते अजून होते गं. तुझ्याकडे होते. ते माझ्याच्याने मोडवेना."

मिचकी खाली फरशीवर बसली आणि फोन कानाला तसाच लावून ठेवला. पलीकडे आईनेही फोन ठेवला नाही. जिराफ तिच्या शेजारी येऊन बसली, लांबच लांब पाय दुमडून, आणि आपले रंगाचे हात तिला लागू नयेत म्हणून तिने दंडानेच तिला धरून ठेवलं.

भिंत लागली नाही. मिचकीने फोटो गुंडाळले आणि बाईंना जाऊन सांगितलं की मी घरी जाते. कारणही सांगितलं, तुटक तुटक. बाईंनी एक गुंडाळी उलगडून काच पाहिली, बराच वेळ. मग त्यांनी ती नीट गुंडाळून परत दिली आणि तिला दारापर्यंत सोडायला आल्या. त्या कोणालाच कधी दारापर्यंत सोडायला येत नसत.

घरी पोहोचली तेव्हा सकाळ होती. आईने दार उघडलं, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि आई किती हलकी झालीय ते तिच्या हातांना कळलं. पण मिचकी रडली नाही. विमानात नाही, इथे नाही. आईने आणि दादाने बाबांना जाताना पाहिलं होतं, शेवटचं पाणी पाजलं होतं, त्यांचं सगळं हातांनी केलं होतं. तिच्या डोळ्यांपुढे मात्र बाबा चष्मा लावून हसतच होते. गेलेल्या माणसासाठी रडायचं, तर तो गेलेला दिसला पाहिजे ना?

ती खाली स्टुडिओत गेली. हेडमास्तरांचा फोटो दाराशी होता. आत पडदे ओढलेल्या अंधुक खोलीत स्टूल, पाटी, आणि दोरी. दोरी कोणी सोडलीच नव्हती. रिकामे हँगर तेवढे तिच्यावर लटकत होते.

दादा मागून आला. दाढी वाढलेली, नजर खाली. त्याने फोन पुढे केला. "अजून उरलेत. तू यायच्या ठरलेल्या दिवसापर्यंतचे. घे, सगळे बघून टाक."

"सगळे नको," मिचकी म्हणाली. "आजचा दाखव."

दादा घुटमळला. "आजचा राहू दे. खराब आलाय. त्याच्या जागी मी दुसरा कुठलातरी पाठवणार होतो."

"ठरलंय आपलं. रोज एक. दाखव."

दादाने फोनवर तो फोटो उघडून दिला. बाबा खिडकीपाशीच होते, काकांच्या ढगळ करड्या शर्टात. मान किंचित कलली होती, हसू नव्हतं, आणि चष्म्याआड डोळे मिटलेले होते.

"दमले होते तेव्हा," दादा म्हणाला. "मी म्हटलं, परत काढू, तर हातानेच नको म्हणाले. पाटीवर लिहिलं, 'हा उडव.' माझ्याच्याने उडवला नाही."

लहानपणी बाबा फोटोसाठी बसवायचे त्याच स्टुलावर मिचकी बसली. फोन तिने दोन्ही हातांत धरला. असे मिटलेल्या डोळ्यांचे बाबा तिने आजवर कधीच पाहिले नव्हते. घरातल्या बाकी दोघांनी पाहिले होते, आता तिनेही पाहिले.

"अहो बाबा," ती म्हणाली, "एक तरी धड येऊ द्या की." एवढं म्हटलं आणि तिला रडू फुटलं. दादाने दिवा लावला नाही, तो तसाच तिच्याजवळ उभा राहिला.